वाजवले कोणी?

कुर्डुवाडी सोडून गाडी पुण्याच्या दिशेला लागली की थोड्या वेळात केम येते. करमाळा तालुक्यातल्या या गावाची ओळख दोन गोष्टींनी सांगितली जाते : उत्तरेश्वराचे देऊळ आणि कुंकू. हळदीला चुना किंवा टाकणखार लागला की पिवळ्याचे लाल होते. एवढ्याशा रसायनावर इथे कुंकवाचा धंदा उभा राहिला आणि केमचे कुंकू तीर्थक्षेत्रांच्या बाजारात पोचले. तिथे मात्र त्याचे गाव पुसले जाते. देवळाच्या पायरीशी घेतलेली पुडी घरी येते ती देवीचे कुंकू म्हणून. ज्या हातांनी ते कालवले, वाळवले, चाळले, त्यांची चौकशी कोणी करत नाही. तशी रीतच नाही.

याच स्टेशनातून पुण्याला शिकायला निघालेले एखादे पोर खिडकीला डोके टेकून बसलेले असते, कानात इअरफोन. 'दिल चाहता है'चे शीर्षकगीत लागते. गायक कोण, ते त्याला ठाऊक असते. पडद्यावर कोण, तेही. गिटार कोणाची, असे विचारले तर ते घुटमळते. संगीत 'शंकर-एहसान-लॉय' यांचे, हे ते एका दमात म्हणते, जणू एकाच माणसाचे ते लांबलचक नाव असावे. त्या नावात दोन जोडरेघांच्या बेचक्यात बसलेले एहसान नूरानी हे मूळचे ब्लूज-रॉक गिटारवादक. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांच्या वाद्याचा आवाज महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक घरात पोचला. ब्लूज हा शब्द मात्र त्या घरांपर्यंत गेला नाही. आवाज पोचतो आणि त्यामागचा माणूस, त्याची परंपरा वाटेत गळते, हे होते कसे ते समजून घ्यायला नूरानींच्या वाटचालीइतके चांगले उदाहरण आपल्या राज्यात दुसरे नाही.

आधी ब्लूज म्हणजे काय ते पाहू, कारण त्याला 'पाश्चात्त्य संगीत' म्हणून एका शब्दात बाजूला सारण्याची आपली सवय आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीच्या काठच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांचे हे गाणे. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी जमीन गोऱ्यांची, कष्ट काळ्यांचे आणि वर्षाअखेरीस हिशेबात कर्जच उरायचे. काम करताना घातलेली साद, चर्चमधली प्रार्थना आणि रात्री गिटारवर म्हटलेले स्वतःचे गाऱ्हाणे यांतून ब्लूज आकाराला आला. त्याचा साचा साधा आहे. बारा भागांचे एक आवर्तन, त्याला षड्ज, मध्यम आणि पंचम या तीन जागांवरून उभे राहणारे तीन स्वरमेळ. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत तिचे उत्तर द्यायचे.

ब्लूजचा गिटारवाला ज्या पाच स्वरांवर सर्वाधिक काळ रेंगाळतो ते आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर. हा योगायोग आहे, नाते नव्हे. उगाच भाऊबंदकी जोडायचे कारण नाही. पण ब्लूजचा खरा जीव या पाच स्वरांत नसून त्यांच्या फटींत आहे. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी एक सूर असतो, पियानोच्या पट्ट्यांवर न सापडणारा. गिटारवाला तो तार बोटाने आडवी ढकलून काढतो. सतारिया मींड घेताना तार खेचतो, तीच युक्ती. म्हणूनच ज्याचा कान भजनात किंवा तमाशाच्या फडावर तयार झाला आहे त्याला ब्लूजची गिटार परकी वाटत नाही. ती काही म्हणते आहे, हे त्याला कळते.

यात वीज शिरली आणि ब्लूज बदलला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेतले लाखो मजूर आगगाडीने उत्तरेला, शिकागोच्या कारखान्यांकडे गेले. गोंगाटाच्या दारूगुत्त्यात साधी गिटार ऐकू येईना. विजेच्या गिटारमध्ये तारेखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि अॅम्प्लिफायर तो मोठा करतो. अॅम्प्लिफायरवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला की आवाज फाटतो. यात्रेत भोंगा फाटायला लागला की आपल्याकडचा साउंडवाला धावत जाऊन बटण खाली आणतो. शिकागोतल्या वादकांनी ते वर नेले. त्या फाटलेल्या आवाजात त्यांना माणसाच्या कंठाची खरखर सापडली. साठच्या दशकात लंडनच्या गोऱ्या पोरांनी, एरिक क्लॅप्टन आणि त्याच्या पिढीने, ते उचलले. अमेरिकेतून लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्सने त्याला आग लावली. ब्लूज-रॉक म्हणतात तो हा.

मुंबईला हा आवाज परका नव्हता. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात काळ्या अमेरिकी वादकांचे जॅझ वाजत होते. गोव्याहून आलेल्या वादकांनी ते आत्मसात केले आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत नेले. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवूनही गेले. मराठी रंगभूमीलाही या वाऱ्याची झुळूक लागली : १९७८च्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये नंदू भेंडे रॉकचा गळा घेऊन उभे राहिले. १९८४ मध्ये रॉक मशीन हा बँड मुंबईत सुरू झाला, पुढे त्याचेच इंडस क्रीड झाले. त्याची मुख्य गिटार महेश तिनईकरांची. ही सगळी मंडळी गुणी होती. पोट मात्र यांतल्या फारच थोड्यांचे बँडवर भरले.

एहसान नूरानी या पिढीतले, १९६३ साली जन्मलेले. मुंबईत बिस्मार्क रॉड्रिग्ज यांच्याकडे सुरुवातीचे शिक्षण, मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हॉलिवूडच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये. ही संस्था १९७७ मध्ये गिटार शिकवण्याचे विद्यालय म्हणूनच सुरू झाली होती. त्या काळात भारतात परदेशी गिटार मिळणे दुरापास्त होते. आयातीवर बंधने होती, बहुतेकांचे हात गिव्हसन या कलकत्त्याच्या गिटारवर बसले, आणि नवी तान शिकायची तर कॅसेट मागे-पुढे करून शिकावी लागे. अशा वेळी एका मुलाने लॉस एंजेलिसला जाऊन पद्धतशीर शिकणे ही अपवादाची गोष्ट. पण त्याहून विशेष ते शिकून परत येणे. परत येऊन करायचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. मुंबईत ब्लूजची दुकाने नव्हती.

जाहिराती होत्या. लुई बँक्स यांच्यासारख्यांबरोबर नूरानी जिंगलच्या धंद्यात शिरले. या कामाकडे नाक मुरडून पाहिले जाते. ते अन्यायाचे आहे. तीस सेकंदांत साबण, बिस्कीट किंवा चहा लोकांच्या जिभेवर बसवायचा, सकाळी चाल बांधायची आणि संध्याकाळी ती ग्राहकापुढे ठेवायची, ही तालीम कोणत्याही घराण्याइतकी कडक. ब्लूजचा वादक मैफलीत दहा मिनिटे एकाच आवर्तनात फिरू शकतो. जिंगलमध्ये त्याला चार सेकंद मिळतात आणि तेवढ्यात सगळे सांगायचे असते. नूरानींच्या पुढच्या कामात जो आटोपशीरपणा दिसतो त्याचे मूळ आमच्या मते हॉलिवूडच्या विद्यालयाइतकेच या जिंगलच्या खोल्यांत आहे.

तिथेच लॉय मेंडोन्सा आणि शंकर महादेवन यांच्याशी गाठ पक्की झाली. मुकुल आनंद यांच्या 'दस' या चित्रपटासाठी तिघे एकत्र आले. १९९७ मध्ये दिग्दर्शकाचे निधन झाले आणि चित्रपट अपुरा राहिला, गाणी मात्र लोकांपर्यंत गेली. २०००चा 'मिशन कश्मीर', २००१चा 'दिल चाहता है'. या दुसऱ्या चित्रपटाने हिंदी गाण्यातली गिटारची जागा बदलली, असे म्हणायला हरकत नाही. गिटार त्याआधीही होती. 'दम मारो दम'ची सुरुवात भूपिंदर सिंग यांच्या गिटारने होते हे जाणकारांना माहीत आहे. पण तेव्हा ती पाहुणी होती. क्लबचे दृश्य आले, नायिकेच्या हातात ग्लास आला की गिटार यायची. 'दिल चाहता है'पासून ती घरची झाली. मैत्री, रुसवा, रिकामी दुपार, कशालाही चालू लागली. २००३च्या 'कल हो ना हो'साठी तिघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फेंडर या ज्या अमेरिकी कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली, त्याच कंपनीने पुढे नूरानी यांच्या नावाची गिटार काढली. भारतीय वादकाला असा मान क्वचितच मिळतो.

मराठी वाचकाला याहून जवळची गोष्ट २०१५ची. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे १९६७चे नाटक, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. त्यावर सुबोध भावे यांनी चित्रपट करायला घेतला आणि संगीत दिले शंकर-एहसान-लॉय यांनी. अभिषेकींच्या चालींशेजारी नव्या चाली बसवायच्या होत्या आणि श्रोता असा की एक सूर इकडचा तिकडे झाला तर सोडणार नाही. तो चित्रपट दिवाळीत लागला आणि गावोगावी चालला. 'अरुणि किरणी'साठी महेश काळे यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंकर महादेवन यांचे शास्त्रीय संगीताचे शिक्षण सगळ्यांना ठाऊक होते आणि पडद्यावर पंडितजींची भूमिकाही त्यांचीच; त्यामुळे चित्रपटाच्या संगीताचे कौतुक बहुतेक त्यांच्याच पारड्यात पडले. संगीतकारांपैकी एक ब्लूजचा गिटारवाला आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गिटार त्यात फारशी ऐकू येत नाही, हे खरेच. पण आपले वाद्य कधी खाली ठेवायचे हे कळणे ही वादकाची अर्धी विद्या असते.

नूरानींची गोष्ट इथपर्यंत यशाची आहे. ते संगीतकार झाले म्हणून त्यांचे नाव भिंतीवरच्या पोस्टरवर आले. जे केवळ वादक राहिले त्यांचे काय? २००८चा 'रॉक ऑन' आठवा. संगीत याच त्रयीचे, कथा एका रॉक बँडची. त्यात गिटारवाल्याची भूमिका अर्जुन रामपालने केली आणि त्याला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार अभिनयाचा होता आणि त्याबद्दल तक्रार नाही. तरी एक विसंगती लक्षात येतेच. गिटार वाजवण्याच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार असतो, गायनाला असतो, संगीत दिग्दर्शनाला असतो. गाण्यात प्रत्यक्ष गिटार, बासरी किंवा ढोलकी वाजवणाऱ्याला त्या यादीत रकानाच नाही.

रकाना नसण्याची ही सवय कायद्यातही उतरली आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांच्या मानधनाच्या हक्कावर तेव्हा बरीच चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. त्याच दुरुस्तीने सादरकर्त्यांनाही, म्हणजे गायक-वादक-नट यांना, दोन नैतिक हक्क दिले : आपले सादरीकरण आपले म्हणून ओळखले जावे हा एक, आणि त्याची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येऊ नये हा दुसरा. पण सादरकर्ता कोण, याच्या व्याख्येला एक शेपूट जोडले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो फक्त दुसऱ्या हक्कापुरता सादरकर्ता, पहिल्यासाठी नाही. ही तरतूद गर्दीतून चालत जाणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केली असेल. एका गाण्यासाठी दोन तासांची शिफ्ट करून जाणारा वादक तिच्या कचाट्यात सापडणार नाही, याची खात्री मात्र कोणी द्यावी? काम आनुषंगिक आहे असे एकदा ठरले की तर्क सरळ आहे : तुझे नाव लिहिण्याची पद्धत नाही, म्हणून नाव लिहून घेण्याचा तुला हक्क नाही.

अमेरिकेतल्या चित्रपट-वादकांना संघटनेच्या जोरावर वेगळी वाट सापडली. तिथे संघटनेच्या करारानुसार मुद्रित झालेला चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर किंवा घरोघरच्या यंत्रांवर विकला गेला की वादकांच्या एका निधीत हिस्सा जमा होतो. १९७२ पासून ही व्यवस्था आहे. अर्थात हिशेब करायचा तर वाजवले कोणी याची नोंद लागतेच, त्यामुळे तिथे नोंद राहते. आपल्याकडे नोंद नाही म्हणून हिशेब नाही आणि हिशेब नाही म्हणून नोंदीची गरज कोणाला वाटत नाही. नोंद ठेवणे अशक्य नसते, हे आपल्याच राज्यात दिसून आले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवी कोणत्या बाईने म्हटली, तिचे गाव कोणते, तेही लिहून ठेवले. १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स मिसिसिपीतल्या एका कापूस-मळ्यावर यंत्र घेऊन गेला आणि मकिन्ली मॉर्गनफील्ड नावाच्या मजुराचे गाणे मुद्रित केले. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकलेला तो मजूर दोन वर्षांत शिकागोला गेला. जग त्याला मडी वॉटर्स म्हणून ओळखते. लोमॅक्सच्या वहीत त्याचे नाव नसते, तर तो कदाचित मळ्यावरच राहिला असता, कदाचित नाही. पण आपल्याला कळले नसते, एवढे नक्की.

नूरानींच्या पुढच्या पिढीने वेगळा मार्ग शोधला. वॉरेन मेंडोन्सा हे लॉय यांचे पुतणे. झीरो या मुंबईच्या बँडचे गिटारवादक. मधली काही वर्षे न्यूझीलंडमध्ये राहून त्यांनी ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज या नावाने स्वतःचे वादन प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पहिला अल्बम २००७चा, पुढे २००९, २०१४, २०१७. बहुतेक शब्दांशिवायचे, गिटारच बोलते. यात गायक नाही, नट नाही. त्यामुळे वाजवले कोणी या प्रश्नाला एकच उत्तर उरते. ऐकणारे थोडे, पण ते नाव घेऊन ऐकणारे. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला. पहिल्याच वर्षी लुइझियानातल्या शेतमजुराच्या घरात जन्मलेला बडी गाय तिथे वाजवून गेला, आणि नंतरही पुन्हा आला. ज्या स्टुडिओच्या भिंतींनी दशकानुदशके सिनेमाची गाणी ऐकली, तिथे आता लोक तिकीट काढून गिटारवाल्याचे बोट पाहायला उभे राहिले. मुंबईपुरते हे घडले. घाटाच्या अलीकडे त्यातले फारसे काही आले नाही.

घाटाच्या अलीकडे आले ते दुसऱ्या वाटेने. केमच्या शेजारच्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी करमाळा तालुक्याच्या मातीत 'सैराट' केला. २०१६ मध्ये त्याची गाणी महाराष्ट्रभर घुमली, तेव्हा अजय-अतुल यांनी ती लॉस एंजेलिसला सिंफनी वाद्यवृंदासह मुद्रित केल्याची बातमी इथल्या पोरांनीही अभिमानाने वाचली. करमाळ्याची विहीर, तिथला ऊस आणि हॉलिवूडची व्हायोलिने एका गाण्यात आली. तेव्हापासून या भागातल्या पोरांना संगीत हे करण्यासारखे काम वाटू लागले असेल तर नवल नाही. त्यांतल्या एखाद्याने गिटार घेतली तर आई-बाप विचारतील तो प्रश्न नूरानींच्या पिढीला विचारला गेला तोच : यावर भागेल का? प्रामाणिक उत्तर असे की ब्लूजवर भागणार नाही; जिंगल, लग्नाचे ऑर्केस्ट्रा, क्लास, दुसऱ्याच्या गाण्यातल्या शिफ्टा यांवर कदाचित भागेल, आणि ब्लूज त्यातूनच लपतछपत वाजवावा लागेल. नूरानींनी तेच केले. फक्त त्यांच्या वाट्याला नाव आले, बहुतेकांच्या वाट्याला येत नाही.

दिल्लीतला कायदा आणि मुंबईतला रिवाज केममधून बदलणार नाही. पण रिवाज आपल्याकडेही आहेतच. आपल्या गावोगावच्या यात्रांच्या पत्रिका काढून पाहाव्यात. देणगीदारांची नावे आकड्यांसह असतात, प्रमुख पाहुणे असतात, मंडप आणि साउंड कोणाचे तेही असते. छबिन्यापुढे रात्रभर ज्यांची हलगी कडाडते, कुस्त्यांच्या फडावर ज्यांच्या ठोक्यावर पैलवान सलामी देतात, त्यांच्यासाठी फार तर 'हलगी पथक' एवढे दोन शब्द. पुढच्या पत्रिकेत त्यांच्या नावांची एक ओळ वाढवता येईल. छापखानेवाला त्याचे वेगळे पैसे लावणार नाही.